मदत हवी आहे: बास्केटबॉलच्या ट्रॅपमध्ये (दोन बचावपटू चेंडूवाल्याला कोंडतात तेव्हा) रेषेवरचा पाय कोणी बघायचा?

सोलापुरात उघड्या कोर्टवर दोनच पंचांनी सामने चालवणाऱ्यांसाठी प्रश्न. नियम स्पष्ट आहे: 5 सेंटिमीटरची रेषा कोर्टाबाहेरच धरायची, चेंडू हातात असताना बुटाचं टोक टेकलं तरी आउट. बाहेरून उडी मारून हवेत चेंडू पकडला तरी तेच.

अडतं ते ट्रेलच्या (हल्ल्याच्या मागे राहणाऱ्या पंचाच्या) बाजूच्या कोपऱ्यात. साइडलाइन त्याची, पण तो मागे राहतो. लीड (पुढे एंडलाइनवर असणारा पंच) हातांवरचा फाउल बघतो. पाय कोणालाच दिसत नाही! आणि धक्का आधी की पाय आधी, यावरच निर्णय फिरतो.

ट्रेलने नेमकं किती पुढे यावं? कोर्टाभोवती 2 मीटर मोकळी जागा नसेल, प्रेक्षक रेषेला चिकटलेले असतील, तर लीडने कुठे उभं राहावं? सामन्याआधी हात-पाय कसे वाटून घेता? कृपया सविस्तर सांगा.