शब्दचर्चा : ‘कनिष्ठ न्यायालय’ म्हणजे नेमके कोणते?

प्रश्न : खुनाच्या खटल्याच्या बातमीत ‘कनिष्ठ न्यायालयाने ठोठावलेली जन्मठेप उच्च न्यायालयाने कायम केली’ असे वाचले. जन्मठेप तर सत्र न्यायालय देते, मग ते कनिष्ठ कसे? तालुक्याच्या कोर्टात ‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर’ अशी पाटी असते, तिच्याशी याचा काही संबंध आहे का?

प्रतिसाद : काही संबंध नाही, आणि घोळ तिथेच होतो. पाटीवरचा ‘कनिष्ठ स्तर’ हा हुद्दा आहे. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीशांचे कनिष्ठ आणि वरिष्ठ असे दोन स्तर असतात. दाव्याची रक्कम ठरावीक मर्यादेच्या आत असली की तो कनिष्ठ स्तराकडे चालतो, त्यावरचा वरिष्ठ स्तराकडे. त्यांच्यावर जिल्हा न्यायाधीश.

फौजदारी कामासाठी बहुतेकदा माणसे तीच असतात, पदनाम बदलते. सकाळी जमिनीच्या वाटपाचा दावा ऐकणारे कनिष्ठ स्तर न्यायाधीश दुपारी मारामारीच्या खटल्यात ‘न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग’ म्हणून बसतात. जिल्हा न्यायाधीश फौजदारी कामात सत्र न्यायाधीश होतात. म्हणून पाटीवर ‘जिल्हा व सत्र न्यायाधीश’ अशी जोडी दिसते. ‘प्रथम वर्ग’ ही परीक्षेतली श्रेणी नव्हे, त्यावरून शिक्षेचा अधिकार कळतो. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना ३ वर्षांपर्यंत कैद देता येते, मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना ७ वर्षांपर्यंत. सत्र न्यायाधीश कायद्यात असलेली कोणतीही शिक्षा देऊ शकतात. फाशी दिली, तर मात्र उच्च न्यायालयाने ती कायम करावी लागते.

खुनाचे दोषारोपपत्रही आधी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच दाखल होते. ते खटला सत्र न्यायालयाकडे पाठवतात (वकील मंडळी याला ‘केस कमिट झाली’ म्हणतात) आणि साक्षीपुरावा तिथे होतो. त्यामुळे त्या बातमीत सरळ ‘सत्र न्यायालय’ लिहायला हवे होते. शब्द तितकेच लागले असते आणि वाचकाला खरी माहिती मिळाली असती.

दुसरा प्रश्न : पण राज्यघटनेच्या सहाव्या भागातल्या प्रकरणाचे नावच ‘दुय्यम न्यायालये’ आहे. घटनेला दुय्यम चालते, तर वर्तमानपत्राला कनिष्ठ का चालू नये?

प्रतिसाद : घटनेतला ‘दुय्यम’ प्रशासनापुरता आहे. अनुच्छेद २३५ प्रमाणे जिल्हा न्यायालये आणि त्यांच्या हाताखालची न्यायालये उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली असतात, म्हणजे नेमणुकीची ठिकाणे, बढती, रजा वगैरे. खटला चालवताना न्यायाधीश कुणाचे हाताखालचे नसतात. पुरावा ऐकून निकाल त्यांनी स्वतः द्यायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी एका फौजदारी अपिलात याबाबत स्पष्ट सांगितले. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने रजिस्ट्रीला (न्यायालयाच्या कार्यालयाला) ट्रायल कोर्टाचा, म्हणजे साक्षीपुरावा घेऊन पहिला निकाल देणाऱ्या न्यायालयाचा, उल्लेख ‘लोअर कोर्ट’ असा करू नये असे सुचवले. तिथून येणाऱ्या कागदपत्रांनाही ‘ट्रायल कोर्टाचे रेकॉर्ड’ म्हणावे, असेही नमूद केले. न्या. ओक मूळचे ठाण्याचे, मुंबई उच्च न्यायालयात अनेक वर्षे न्यायाधीश होते. तालुका-जिल्ह्याची कोर्टे त्यांनी जवळून पाहिलेली आहेत.

माझा आक्षेप मानापमानापुरता नाही. ट्रायल कोर्ट ही पायरी नाहीच, ते काम आहे. एकच सत्र न्यायालय खुनाच्या खटल्यात ट्रायल कोर्ट असते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेवर अपील आले की अपिली न्यायालय होते. मुंबई शहरातले मोठ्या रकमेचे दावे थेट उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडवर (अपिले नव्हे, मूळ दावे ऐकणाऱ्या शाखेत) दाखल होतात. आमदाराच्या निवडीला आव्हान देणारी याचिकाही उच्च न्यायालयातच चालते, साक्षीपुराव्यासकट. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ मध्ये केलेला दावा तर अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयातच सुरू झाला. त्या दाव्यापुरते पहिले न्यायालय तेच. तिथे ‘कनिष्ठ’ कुणाला म्हणणार?

तिसरा प्रश्न : मग ट्रायल कोर्टाला मराठीत म्हणायचे काय? हिंदीतला ‘विचारण’ अलीकडे आपल्याकडच्या भाषांतरांत शिरलेला दिसतो.

प्रतिसाद : ‘विचारण’ नको, मराठी वाचकाला त्यातून काहीच बोध होत नाही. २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या मराठी पाठात ‘ट्रायल’साठी ‘संपरीक्षा’ होता. कायद्याचे भाषांतर करत असाल तर तोच वापरा, कारण तिथे ‘अन्वेषण’ (पोलिसांचा तपास), ‘चौकशी’ (न्यायालयाने खटल्याव्यतिरिक्त केलेली) आणि ‘संपरीक्षा’ (प्रत्यक्ष खटला) हे तीन वेगळे टप्पे आहेत आणि ते वेगळेच राहिले पाहिजेत. बातमीत किंवा लेखात ‘खटला चालवणारे न्यायालय’ हे मला सर्वांत बरे वाटते. दिवाणी प्रकरण असेल तर ‘दावा चालवणारे’. खटला आणि दावा यांची सरमिसळ मात्र टाळा. दाव्यात वादी-प्रतिवादी असतात आणि शेवटी हुकूमनामा होतो. खटल्यात आरोपी असतो, तो दोषी ठरतो किंवा सुटतो. प्रतिवादीला ‘आरोपी’ लिहिले, तर भावाने वाटणीसाठी कोर्टात ओढलेल्या साध्या माणसावर गुन्ह्याचा शिक्का बसतो. हे फार वाईट आहे आणि नेहमी होते.

चौथा प्रश्न : आमच्या जुन्या कागदांवर ‘रे.मु.नं.’ लिहिलेले आहे. तो खटला समजायचा का?

प्रतिसाद : नाही, तो दावा आहे. रेग्युलर मुकदमा नंबर. दिवाणी दाव्याला आपल्याकडच्या कोर्टात अजूनही ‘मुकदमा’ म्हणतात. ‘स्पे.मु.नं.’ असेल तर तो वरिष्ठ स्तराकडचा स्पेशल मुकदमा. कागदाच्या माथ्यावर ‘मे. दिवाणी न्यायाधीश... यांचे कोर्टात’ असे असेल, त्यातला ‘मे.’ म्हणजे मेहेरबान. नंबर, साल आणि तालुका एवढे घेऊन त्या कोर्टाच्या नकल विभागात अर्ज केलात, तर निकालाची नक्कल मागता येईल.