चर्चच्या पेट्रनचं आडनाव बदललं म्हणजे मुलगी त्या घरात दिली असं धरायचं का?

दप्तरवेडी:
नमस्कार मंडळी, इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या एका छोट्या मॅनरच्या, म्हणजे जहागिरीच्या, मालकांचा वंशवृक्ष लावतेय, साधारण १२५० ते १४००. पॅरिश रजिस्टरं, म्हणजे चर्चमधल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदी, १५३८ नंतरची, त्यामुळे तिकडून काही मिळणार नाही, म्हणून बिशपच्या रजिस्टरमधून त्या गावच्या चर्चसाठी कोणी कोणी पाद्री सुचवला त्या पेट्रन लोकांची यादी काढली. आजोबा, मुलगा, नातू असं तीनदा एकच आडनाव, मग एकदम राजा, मग एक बाई आणि त्यानंतर भलतंच आडनाव. शेवटच्या मालकाची मुलगी त्या घरात दिली आणि हक्क तिच्याबरोबर गेला असं मी धरलंय, बरोबर आहे का? आणि राजा मधेच कुठून आला?

जुनाकागद:
राजा आला म्हणजे बहुतेक वारस अज्ञान होता. अ‍ॅडव्हाउसन, म्हणजे पाद्री सुचवायचा हक्क, ही तेव्हा वारसाने मिळणारी मालमत्ताच होती. जमीन थेट राजाकडून सैनिकी चाकरीवर धरलेली असेल आणि मालक वारला तर मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत जमीन राजाच्या ताब्यात, आणि तेवढ्यात पाद्रीची जागा रिकामी झाली तर नाव राजाच सुचवणार. मूळ नोंद वाचा, ‘जमीन आणि वारस ताब्यात असल्यामुळे’ अशा अर्थाचं लॅटिन तिथे असतं, छापील याद्यांमधून नेमकं तेच गळतं. शिवाय राजा हे पालकत्व सर्रास विकायचा, म्हणजे तुमचं ते भलतं आडनाव जावयाचं नसून पालकत्व विकत घेतलेल्या परक्या माणसाचंही असू शकतं! बाई मात्र बहुधा विधवा, डावर म्हणून नवऱ्याच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा तिला हयातभर मिळायचा.

तीन_बहिणी:
वरच्यांशी सहमत, पण मुलींची शक्यता सोडू नका, फक्त ती ओळखायची खूण वेगळी आहे. मुलगा नसेल तर सगळ्या मुली सारख्या वाटेकरी, मॅनरचे तुकडे पाडता येतात पण पाद्री तर एकच, म्हणून आपसात वेगळं ठरलं नाही तर पाळीपाळीने सुचवायचं आणि पहिली पाळी थोरलीची. त्यामुळे यादीत तीन वेगवेगळी आडनावं येऊन मग पहिलंच परत आलं तर तीन बहिणी होत्या असं समजून शोध सुरू करायचा, आणि नोंदीत ‘पाळीनुसार’ असं असेल तर फारच छान. असा एक वंश लावताना मी दोन वर्षं ही घराणी एकमेकांकडून जमीन विकत घेत होती असं समजत बसलो होतो, होत्या सख्ख्या बहिणी!
आणि एक, तीनदा एकच आडनाव म्हणजे आजोबा-मुलगा-नातू हे कशावरून? भाऊ असतील, काका-पुतण्या असतील, रजिस्टर नातं सांगत नाही.

दप्तरवेडी:
अरे बापरे, ते नातं खरंच मीच मनाने लावलंय, आधी पुसते. आता पुरावा कुठे बघू?

जुनाकागद:
इन्क्विझिशन पोस्ट मॉर्टेम, म्हणजे जमीनमालक वारल्यावर व्हायची ती सरकारी चौकशी. ही चौकशी फक्त राजाकडून थेट जमीन धरणाऱ्यांची व्हायची, आणि राजा पालक म्हणून आला असेल तर तुमचं घराणं त्यातलंच. मालक कधी वारला, जमीन कोणती, जवळचा वारस कोण, त्याचं नातं आणि वय, सगळं ज्युरी सांगायची. वय मात्र ‘३० आणि त्याहून जास्त’ असं ढोबळ असतं, त्यावरून जन्मवर्ष काढू नका. वारस अज्ञान असेल तर तो मोठा झाल्यावर केलेला वयाचा पुरावाही शोधा, त्यात गावातले लोक बाप्तिस्म्याचा दिवस कशामुळे लक्षात राहिला ते सांगतात.

तीन_बहिणी:
आणि फीट ऑफ फाइन्स, ११९५ पासूनचे जमिनीचे करार. एकाच कातड्यावर मजकूर तीनदा लिहून तो नागमोडी कापायचे, दोन तुकडे दोन्ही पक्षांना आणि खालचा सरकारी खजिन्यात, तो खालचाच आपल्याला मिळतो. नवरा-बायको दोघांच्या नावाने करार असेल तर तिथे थांबा, जमीन बऱ्याचदा बायकोच्या माहेरची असते. तुमच्या त्या नव्या आडनावाचा असा करार मिळाला तर इथे टाका, लॅटिन वाचायला मदत करतो.