बीपीपीत (पोटातल्या बाळाची तब्येत बघून मार्क देणाऱ्या सोनोग्राफीत) ब्रीदिंग ० आलंय, बाळ श्वास घेत नाहीये का??

३४वा आठवडा चालू आहे. काल बीपीपी केली, ८ पैकी ६ आले, हालचाल २, टोन (स्नायूंचा ताण) २, पाणी (गर्भजल) २ आणि ब्रीदिंग ०. मॅडम म्हणाल्या झोपलं असेल, उद्या परत बघू. पण माझं डोकं फिरलंय. मुळात पाण्यात श्वास घेतं म्हणजे काय, नाकातोंडात पाणी जात नाही का? त्यात सासूबाई सारखं म्हणतायत की सातव्यातलं जगतं पण आठव्यातलं नाही.

निशिगंध_८८: अगं ऑक्सिजन नाळेतूनच येतो, हा श्वास म्हणजे नुसती नेट प्रॅक्टिस. सोनोग्राफीत डायफ्रॅम (छाती-पोटामधला श्वासाचा पडदा) खालीवर होताना दिसतो, १०-११ आठवड्यांपासून सुरू होतं ते, पण सलग नाही, शेवटच्या तीन महिन्यांतही साधारण ३० टक्केच वेळ चालतं, मधे बाळ मस्त गप्प. बीपीपीत अर्ध्या तासात निदान ३० सेकंद सलग दिसलं तर २ मार्क, नाहीतर ०, अर्धं वगैरे काही नाही. जेवल्यावर वाढतं, म्हणून उद्या उपाशी जाऊ नकोस.

बालरोगवाला: पाण्याबद्दल. फुफ्फुसातलं पाणी बाहेरून आत गेलेलं नसतं, फुफ्फुसं स्वतःच ते तयार करतात आणि थोडं थोडं घशातून बाहेर सोडतात. त्या पाण्याने आणि या हालचालीने फुफ्फुस ताणलेलं राहतं आणि ताण असेल तरच वाढतं. म्हणून तर पाचव्या-सहाव्या महिन्यात गर्भजल फार कमी झालं की फुफ्फुसं लहान राहायची भीती असते. तुमचं पाणी २ आहे, ही चांगली गोष्ट.

सासूबाईंचं उलटं आहे. फुफ्फुसातले फुगे मिटू न देणारं सर्फॅक्टंट २४ आठवड्यांच्या आसपास बनायला लागतं आणि ३५ च्या सुमारास पुरेसं होतं, म्हणजे आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा केव्हाही बरं. लवकर डिलिव्हरीची शक्यता असली की आईला डेक्साचे (डेक्सामेथासोन या स्टिरॉइड इंजेक्शनचे) ४ डोस देतात ना, १२-१२ तासांनी, ते याचसाठी. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ मध्ये स्टिरॉइडचा हा उपयोग दाखवला.

प्रश्नकर्ती: थँक्यू दोघांना, सासूबाईंना वाचून दाखवते 😄 उचकी लागते ती पण यातच का?

बालरोगवाला: उचकी वेगळी, ती ठोक्यासारखी एका लयीत जाणवते, हा श्वास तुम्हाला बाहेरून कळणारही नाही. आणि हालचाल कमी वाटली तर उद्याची वाट बघू नका, रात्रीसुद्धा दवाखान्यात जा.