शर्यतीत बैलांचे पाय पुसट येतात, सेटिंग सुचवा

माणदेशी_फ्रेम:
पुसेगावच्या सेवागिरी यात्रेतल्या बैलगाडी शर्यतीचे फोटो काढायचेत. कॅमेरा कॅनन १५००डी, लेन्स ५५-२५० मिमी झूम. स्पोर्ट्स मोडवर तोंडं बरी येतात, पाय आणि चाकं पुसट. काय बदलू?

कृष्णाकाठ:
दादा, स्पोर्ट्स मोड सोडा. डायल टीव्हीवर (Tv, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायचा), शटर १/१६०० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो, कमाल ३२००. गाडी सेकंदाला १० मीटर पळते असं धरा. १/५०० ला ती २ सेंटिमीटर सरकते, १/१६०० ला जेमतेम ६ मिलिमीटर. त्यात पुढे फेकलेला पाय अंगापेक्षा जोरात जातो, म्हणून तोंड स्वच्छ आणि खूर पुसलेला. स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, बैलाचा पाय नाही.

फोकस एआय सर्व्हो (हलत्या गोष्टीवर सतत फोकस धरणारा मोड), फक्त मधला फोकस पॉइंट. नऊही पॉइंट चालू ठेवले की कॅमेरा धुरळ्याला नाहीतर मागच्या गर्दीला धरतो. खिलाराच्या पांढऱ्या अंगावरही फोकस घसरतो, तिथं धरायला काही नसतं. म्होरकी, शिंगाचं मूळ, जुवाची कड, असं काहीतरी पकडा.

सातारकर_सई:
हा कॅमेरा सेकंदाला ३च फोटो काढतो, म्हणजे दोन फोटोंमध्ये गाडी ३ मीटर पुढे. बटण दाबून धरल्यानं चारी पाय हवेत असलेला क्षण मिळेलच असं नाही. गाडी लांब असतानाच बटण अर्धं दाबून फोकस चालू ठेवा आणि उडीला एकच क्लिक करा. फोटो जेपेगमध्ये ठेवा, रॉ फाइल मोठी, तिनं बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) लवकर भरतो आणि नेमका निशाणापाशी कॅमेरा अडतो.

पांढरी जोडी फ्रेमभर असेल तर कॅमेरा फोटो काळवंडतो, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करणं) +२/३ द्या. मागं गर्दी किंवा झाडी जास्त आली की परत शून्यावर, नाहीतर अंगावरचा सगळा तपशील जळतो.

माणदेशी_फ्रेम:
ताई, फायनल दिवस मावळताना झाली तर?

सातारकर_सई:
शटर १/८००, आयएसओची मर्यादा ६४००. तेही पुरेना तर उलट १/८० वर या: गाडी आडवी जाईल अशा जागी उभं राहून गाडीबरोबर कमरेतून वळा, क्लिक झाल्यावरही वळणं थांबवू नका. समोरून येणाऱ्या गाडीला हे जमत नाही.

कृष्णाकाठ:
भर दुपारी २५० मिमीवर लांबचा फोटो मऊ आला तर फोकसला दोष देऊ नका, तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते. गाडी जवळ येऊ द्या. मैदानात लेन्स काढू नका; काच पुसण्याआधी ब्लोअरनं धूळ उडवा, नाहीतर चरे पडतात. फ्लॅश बंदच ठेवा, बैल बुजतात. आणि निशाणाच्या पुढं, गाड्यांच्या वाटेत उभं राहू नका, तिथं त्या थांबलेल्या नसतात.