शब्दचर्चा: ‘दांभिक’ला हिब्रूत काय म्हणतात?

प्रश्न: बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, २९:१३ मध्ये, देव म्हणतो, हे लोक तोंडाने माझ्याजवळ येतात, ओठांनी माझा मान राखतात, पण यांचं मन माझ्यापासून लांब आहे. याला ‘दांभिक भक्ती’ म्हणावं का? मूळ शब्द कोणता?

उत्तर: कोशात शोधलंत तर ‘हानेफ’ मिळेल. पण त्याच्या मुळाशी सोंग नाही, विटाळ आहे. बायबलच्याच गणना या पुस्तकात, ३५:३३ मध्ये, रक्तपाताने भूमी विटाळते, तिथे हेच क्रियापद येतं. ईयोबाच्या पुस्तकाच्या ग्रीक भाषांतरात ‘हानेफ’साठी ‘हुपोक्रितेस’ वापरला गेला, म्हणजे रंगभूमीवरचा नट. सोंगाची छटा या ग्रीक शब्दातली.

यशयाने मात्र इथे ‘हानेफ’ घेतलेलाच नाही. तो म्हणतो, यांनी बाळगलेलं माझं भय म्हणजे माणसांची ‘मेलुम्मादा’ आज्ञा. धातू ल-म-द, शिकणे. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात, १०:११ मध्ये, हाच शब्द कालवडीला लावलाय: एफ्राईम, म्हणजे उत्तरेकडचं इस्राएल, ही मळणीला सरावलेली कालवड. याच धातूपासून ‘मलमाद’, बैल हाकायची पराणी. खळ्यात पात फिरताना ज्याने पाहिली असेल त्याला यशयाचं म्हणणं लगेच कळेल. सुरुवातीला जनावराला हाकावं लागतं, मग पाय आपोआप फिरत राहतात.

म्हणून मी ‘दांभिक’ टाळीन. दंभात दुसऱ्याला दाखवण्याचा हेतू असतो, इथे नुसते ओठ चालू आहेत. ‘अंगवळणी पडलेली भक्ती’ जास्त जवळचं. ‘पोपटपंची’ही सुचतं, पण त्यात हेटाळणी आहे आणि यशयाचा हा देव मला दुखावलेला वाटतो.

प्रश्न: मग आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकातले व्यापारी? ते तर सरळसरळ फसवतात.

उत्तर: त्यांना ‘दांभिक’ खुशाल म्हणा. ८:५ बघा. चंद्रदर्शनाचा सण आहे, शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, आहे, विक्री बंद आहे आणि यांच्या मनात एकच, हे कधी संपतंय आणि आपण धान्य विकायला कधी काढतोय! एफा, म्हणजे धान्याचं माप, लहान करायचा; शेकेल, म्हणजे चांदी तोलायचं वजन, जड करायचा; तराजूही खोटा. आपल्याकडे याला काटा मारणं म्हणतात. पुढच्याच वचनात जोडाभर वहाणांच्या मोलाने गरीब माणूस विकत घेतात आणि गहू चाळून उरलेला केरही विकून टाकतात. आमोस त्यांना इथे ‘दांभिक’ म्हणत नाही, त्यांचे बेत त्यांच्याच तोंडून वदवतो. त्याची ही ताकद मला फार मोठी वाटते.

प्रश्न: आणि यशया १:१३ मधलं ‘मिन्हत शाव’? ‘व्यर्थ अर्पण’ चालेल?

उत्तर: चालेल, पण ‘व्यर्थ’ म्हटलं की खटपट वाया गेली एवढंच कळतं. ‘शाव’ म्हणजे पोकळ, खोटं. देवाचं नाव ‘शाव’ घेऊ नको ही आज्ञाही याच शब्दाची. ‘मिन्हा’ हे बहुतेक वेळा धान्याचं, पिठाचं अर्पण. म्हणून मी ‘फोल अर्पण’ म्हणेन. फोलपटातला फोल: वरून दाणा दिसतो, आत काही नसतं.