भाकरी बंद करून वजन उतरवणे कितपत योग्य? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

मालदांडी : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर काल संदेश आला: ‘भाकरी, भात, फळे पूर्ण बंद, दोन वेळा पावडरीचा शेक, 21 दिवसांत 10 किलो कमी.’ खाली पावडरीचा डबा मागवण्याचा क्रमांक होता. ज्या आहारात अख्खा अन्नगट वगळायचा, चालू औषधांची चौकशी करायची नाही आणि उपाय मात्र सांगणाऱ्याच्याच डब्यात सापडतो, तो आहारसल्ला नसून विक्री आहे. पहिल्या आठवड्यात काटा झरझर उतरतो, कारण शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे यकृतात व स्नायूंत साठवलेल्या साखरेचा, साठा संपतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साठलेले सुमारे 3 ग्रॅम पाणी निघून जाते. पुन्हा भाकरी सुरू केली की ते वजन परत येते.

जुळे सोलापूर : संदेश मीच पाठवला होता. माझे गुडघे दुखायचे थांबले, हे खोटे आहे का? दवाखान्यात ‘वजन कमी करा’ एवढेच सांगतात, कसे ते कोणी सांगत नाही. डबा देणाऱ्या बाई मात्र रोज फोन करून विचारपूस करतात.

भवानी पेठ : भाकरीचा कैवार घेणाऱ्यांनी शेंगाचटणीबद्दलही बोलावे. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत 560 च्या आसपास कॅलरी असतात आणि वर आपण तेल ओततो. वडील यंत्रमागावर पाळीभर उभे असत, त्यांना ते पचत होते. मी दिवसभर खुर्चीत बसून तेवढेच खातो.

मालदांडी : चटणीला बोल लावू नका. शेंगदाण्यात उत्तम प्रथिने आहेत; चमचाभर घेतली तर काही बिघडत नाही.

भवानी पेठ : चमचाभर कोण घेतो? आमच्या घरी ताटात चटणीचा ढीग असतो आणि त्यात तेलाचे आळे करतात. हे मान्य करायला तुम्हाला एवढे जड का जाते?

होटगी रोड : चटणीचे भांडण पुरे करा! माझ्या सासऱ्यांनी असाच शेक सुरू केला, मधुमेहाची गोळी मात्र पूर्वीइतकीच घेतली. मध्यरात्री साखर उतरली, अंगाला दरदरून घाम फुटला आणि ते असंबद्ध बोलू लागले. आठवड्याला अर्धा ते एक किलो, हाच सुरक्षित वेग मानतात. झपाट्याने वजन उतरवले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

जुळे सोलापूर : गोळ्यांविषयी मला कोणी सांगितले नव्हते, तेवढे मान्य करते. गटावर तसे लिहीन. शेक मात्र सोडणार नाही.

मालदांडी : मग निदान दुपारी एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि पालेभाजी घ्या. आणि गटावर लिहाल तेव्हा तो विक्रीचा क्रमांकही काढून टाका.