दुधातला बल्ब, अर्थात कॅरी ग्रँटवरून नजर का हटत नाही?

आडगल्ली:
रविवारी जुन्या हॉलिवूडचा नट कॅरी ग्रँट याचा 'ब्रिंगिंग अप बेबी' (१९३८) परत पाहिला. हॉटेलातला प्रसंग आठवतोय? कॅथरीन हेपबर्नचा झगा मागून फाटतो आणि बाईंना पत्ताच नसतो, त्या तावातावाने बोलतायत. कॅरी ग्रँट आपली हॅट तिच्या पाठीमागे धरतो, ती वैतागते, आणि मग कळल्यावर दोघं एकामागे एक चिकटून, पावलाला पाऊल जुळवून भरल्या हॉटेलातून बाहेर पडतात. मी तेवढाच तुकडा चारदा मागे घेतला. एवढं हास्यास्पद चालतानाही माणूस रुबाबदार कसा दिसतो?

माझं मत: हा चेहऱ्याचा महिमा नाही. देखणे तेव्हा हॉलिवूडमध्ये पैशाला पासरी होते. ग्रँटचं खरं नाव आर्ची लीच, जन्म १९०४, इंग्लंडमधलं ब्रिस्टल. पोरवयात कसरतवाल्यांच्या टोळीत गेला, कोलांट्या आणि उंच काठ्यांवर चालणं शिकला, १९२० मध्ये त्याच टोळीबरोबर अमेरिकेला आला. आपल्याला जी मोहिनी वाटते ती घोटून घोटून तयार केलेली अंगाची लय आहे. पटतंय का?

खिडकी_सीट:
अजिबात नाही. तुम्ही मेहनतीचं श्रेय चुकीच्या माणसाला देताय. 'सस्पिशन' (१९४१) मध्ये हाच ग्रँट अंधाऱ्या जिन्यावरून बायकोसाठी दुधाचा ग्लास घेऊन येतो. दूध चमकतं, आपली नजर हलत नाही. का? दिग्दर्शक हिचकॉकने ग्लासात बल्ब ठेवला होता. बास, जुन्या हॉलिवूडचं सगळं गौडबंगाल त्या ग्लासात आहे. नजर कुठे ठेवायची हे दिवेवाला ठरवतो, आपण समजतो नटाची जादू.

दुसरं उदाहरण आपल्या घरचंच. मर्ल ओबेरॉन, जन्म मुंबई, १९११. आयुष्यभर सांगत राहिली की टास्मानियात जन्मले, कारण अँग्लो-इंडियन असल्याचं कळलं असतं तर नायिकेची कामं मिळाली नसती. १९३७ च्या मोटार अपघातात चेहऱ्यावर व्रण आले. छायाचित्रकार लुसियन बॅलार्डने कॅमेऱ्याला लागूनच एक छोटा दिवा बसवला, समोरून सपाट उजेड पडला की व्रण गायब. त्या दिव्याला आजही 'ओबी' म्हणतात. (पुढे बाईंनी बॅलार्डशीच लग्न केलं, दिव्याची सोय कायमची.) रिटा हेवर्थचं तर कपाळच मोठं केलं, केसांची रेघ मुळासकट मागे सरकवून. ही मोहिनी म्हणायची की रंगसफेदी?

तिसरी_घंटा:
+१ खिडकी_सीट. शिवाय ग्रँटला अभिनयासाठी एकही ऑस्कर नाही. १९७० मध्ये मानाचा दिला, म्हणजे निरोप समारंभाचं घड्याळ. सगळीकडे तो कॅरी ग्रँटच असतो.

आडगल्ली:
@तिसरी_घंटा, 'नटोरियस' (१९४६) पाहिलाय का? त्यात तो चक्क वाईट वागतो. जिच्यावर प्रेम आहे त्या बाईला वरिष्ठ लोक दुसऱ्याच्या गळ्यात पडायला पाठवतायत, आणि हा गप्प. शॅम्पेनची बाटली घेऊन खुशीत आलेला असतो, कामगिरी काय आहे ते ऐकतो आणि बाटली साहेबाच्या टेबलावरच विसरून निघून जातो. रडणं नाही, ओरडणं नाही. जबडा किंचित घट्ट, इतकंच. आपल्याकडे अभिनय म्हणजे घाम दिसायला हवा असा एक समज आहे, त्याला ऑस्करवालेही अपवाद नसावेत.

@खिडकी_सीट, बल्ब दुधात होता हो, त्याच्यात नव्हता! ओबेरॉनबद्दलचं मात्र मान्य, आणि वाचून वाईट वाटलं. पण ते दिव्याचं पाप नाही, ज्यांना गोरीच नायिका हवी होती त्यांचं.

सुपारी:
कोणीच बोलत नाहीये म्हणून मीच बोलते. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) मध्ये ग्रँट पंचावन्नचा, नायिका त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, आणि त्याच्या आईचं काम करणारी बाई त्याच्यापेक्षा जेमतेम सात-आठ वर्षांनी मोठी! बाप्यांचे केस पांढरे झाले की रुबाब, बायकांचे झाले की आईचा रोल. 'शराड' (१९६३) च्या वेळी त्याला स्वतःलाच ऑड्री हेपबर्नच्या मागे लागायची लाज वाटली, म्हणून संहिता बदलून तिला त्याच्या मागे लावलं. हे त्याच्या बाजूने मोजा की विरुद्ध, मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण सिनेमा मला आवडतो. :)

मोहिनीच म्हणाल तर लॉरेन बकॉल घ्या. पहिला सिनेमा १९४४ चा, वय १९. भीतीने मान थरथरत होती, ती थांबवायला हनुवटी छातीशी टेकवली आणि डोळे वर करून नायक बोगार्टकडे पाहिलं. झाली जगप्रसिद्ध नजर! ना कसरत, ना बल्ब. निव्वळ तंतरली होती पोरगी.

आडगल्ली:
हे भारी आहे. माझ्या सिद्धांताला भोक पडलं.

जुना_तिकीटवाला:
मुंबईच्या मेट्रो थिएटरात पाहिलाय आम्ही 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'. थिएटर एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओने १९३८ मध्ये बांधलं, सिनेमाही एमजीएमचा. विमान अंगावर येतं तेव्हा राखाडी सुटात धावणारा माणूस, धूळ, मक्याचं शेत. बाहेर पडल्यावर धोबीतलावच्या फुटपाथवर मी कोटाच्या खिशात हात घातल्यासारखा चालत होतो. अंगात शाळेची हाफपँट. तुमचे ते दिवे वगैरे असतील, पण दिव्याची नक्कल करत कोणी घरी जात नाही.

खिडकी_सीट:
काका, हे उत्तर नाही, पण यावर मला उत्तरही नाही.

तरी एक सांगतो. 'सस्पिशन'मध्ये नवरा खरंच खुनी असायला हवा होता, पण ग्रँट खुनी दाखवणं स्टुडिओला नको होतं, असं हिचकॉक नंतर सांगायचा. म्हणजे मोहिनी जपायला शेवटच फिरवला!

सुपारी:
अहो, शेवट सांगून टाकलात! स्पॉयलरची पाटी तरी लावायची.

खिडकी_सीट:
ऐंशी वर्षांहून जुना सिनेमा आहे, ताई. बरं, माफी.

काल रात्री तो जिन्याचा प्रसंग पुन्हा लावला, नेमका बल्ब पकडायला. मुलगी शेजारी येऊन बसली. ग्लासाकडे तिचं लक्षही नव्हतं. म्हणाली, "बाबा, हा चांगला आहे की वाईट?" मी म्हटलं, दूध बघ ना, कसं चमकतंय. "ते राहू दे, त्याचं सांगा."